मोटरचं शटर पुन्हा पुन्हा अर्ध्यात अडकतं? मोटर बदलण्याआधी एवढं बघा

लक्षणं बहुतेक ठिकाणी सारखीच असतात. सकाळी गाडी काढायला बटण दाबलं की पार्किंगचं शटर कमरेइतकं वर येतं आणि थांबतं. पुन्हा दाबलं तर मोटर नुसती घूंऽऽ करते, किंवा तेवढाही आवाज येत नाही. अर्ध्या तासाने घरातलं कुणी सहज बटण दाबून बघतं, तर शटर निमूटपणे वर जातं. मेकॅनिक येतो तेव्हा तर एकदम ठणठणीत. तो कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारा डबीसारखा भाग) बदलतो, पैसे घेतो, आणि महिन्या-दीड महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग कधीतरी ऐकायला मिळतं, "साहेब, मोटरच गेली. नवीन टाका."

नवीन मोटर बसवून घ्यायची म्हणजे पाच आकडी खर्च. ज्याच्याकडे तेवढे पैसे सहज आहेत त्याने खुशाल टाकावी. पण ज्याला या महिन्यात शाळेची फीसुद्धा भरायची आहे, त्याने आधी थोडा वेळ शटरसमोर घालवावा. माझं मत असं की या प्रकारात मोटर क्वचितच आधी बिघडते. आधी शटर जड होतं. मग मोटर तापते. मग तिच्यातला सगळ्यात कच्चा भाग, म्हणजे बहुतेकदा कंडेन्सर, मान टाकतो. शटर जडच राहिलं तर नवा कंडेन्सरही जाणार आणि नवी मोटरही जाणार, फक्त जरा उशिरा.

इथे लिहितोय ते रो-हाउस, बंगला किंवा गाळ्याच्या नेहमीच्या गुंडाळी शटरबद्दल. पत्र्याच्या पट्ट्या, दोन्ही बाजूंना गाईड म्हणजे पट्ट्या सरकायच्या खोबणी, वर शटर गुंडाळलं जातं तो शाफ्ट, आणि एका बाजूला ब्रॅकेटवर चेन-चक्राने जोडलेली सिंगल फेज साइड मोटर. नळीच्या आत बसणारी ट्यूब्युलर मोटर किंवा स्प्रिंगसकट मधोमध बसणारी सेंट्रल मोटर असेल तर तपासणीची दिशा तीच, पण वरच्या भागात स्वतः हात घालू नका.

कुठे अडकतं ते आधी बघा

साइड मोटरच्या शटरला सहसा स्प्रिंग नसते. सगळं वजन मोटरच उचलते. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा अख्खा पडदा लटकत असतो, म्हणजे सगळ्यात जास्त ओझं जमिनीवरून उठताना असतं. वर जाईल तसं लटकणारं वजन कमी होत जातं. गुंडाळीचा घेर वाढतो म्हणून थोडा ताण परत येतो, पण एकंदरीत काम हलकं होत जायला हवं.

आता विचार करा. मोटर खरंच कमजोर असेल तर ती पहिल्या वीतभरातच रडेल. जमिनीवरून व्यवस्थित उठलेलं शटर अर्ध्यात थांबत असेल, तर वजनापेक्षा वेगळं काहीतरी आड येतंय. रोज त्याच उंचीवर थांबत असेल तर तिथे घासतंय. रोज वेगळ्या उंचीवर थांबत असेल तर मोटर तापतेय, व्होल्टेज पडतंय किंवा कुठेतरी जोड सैल आहे. खाली मजेत येतं पण वर जात नाही, असं असेल तर कंडेन्सर किंवा व्होल्टेज. कारण खाली येताना वजनाचीच मदत होते, जोर फारसा लागत नाही.

म्हणून पहिलं काम, जिथे थांबतं तिथे गाईडवर खडूने रेघ मारा. पुढच्या वेळीही मारा. काही दिवसांत रेघा एकाच जागी जमतात की विखुरतात ते कळेल. मेकॅनिकला ही माहिती दिली तर त्याचेही तास वाचतात, आणि त्याला कळतं की समोरचा माणूस अगदीच अडाणी नाही.

आजची गाडी कशी काढायची

साइड मोटरला हाताने ओढायची गोल साखळी असते. बऱ्याच घरांत ती मोटरवर गुंडाळून ठेवलेली असते आणि घरच्यांना तिचा पत्ताच नसतो. आधी शटरचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा खटका) बंद करा. साखळी हातात असताना कुणी रिमोट दाबला तर बोटं जातील. मग साखळीची एक बाजू सावकाश ओढा, शटर वर येतं, दुसरी बाजू ओढली की खाली. गाडीपुरतं वर आलं की गाईडच्या कडेला बॉटम पट्टीच्या लगेच खाली सी-क्लॅम्प किंवा मोठी ग्रिप प्लायर घट्ट आवळा, दोन्ही बाजूंना. मगच गाडी काढा.

काही मोटरना साखळीखेरीज ब्रेक सोडायची एक बारीक दोरी असते. ती ओढली की शटर स्वतःच्या वजनाने खाली येतं, आणि हळू येत नाही. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ती बांधून ठेवा.

एक धोका इथेच सांगतो. मोटर थांबल्यावर शटर आपोआप इंच-दोन इंच खाली सरकत असेल, तर ब्रेकचं लायनिंग झिजलंय किंवा त्यावर तेल गेलंय. त्या दिवसापासून बटण दाबणं बंद. ब्रेकची दुरुस्ती मेकॅनिककडूनच करून घ्यायची आणि तिथे काटकसर करायची नाही.

हाताने ओढून बघणं ही खरी परीक्षा

एमसीबी बंद ठेवून साखळीने शटर पूर्ण खाली-वर करा. घाई नको. हाताला जे कळतं ते कुठल्याही मीटरला कळत नाही. साखळी सगळीकडे सारखी चालते का? कुठे अचानक जड होते? कुठे खडखड येते? जड होणारी जागा आणि खडूची रेघ जुळली तर बहुतेक निकाल लागला. मोटर निर्दोष आहे.

आता घासण्याची कारणं. सर्वांत जास्त वेळा सापडणारं आणि सर्वांत कमी वेळा बघितलं जाणारं कारण म्हणजे सरकलेल्या पट्ट्या. शटरच्या पट्ट्या एकमेकींच्या घडीत आडव्या सरकवून बसवलेल्या असतात. म्हणजे जशा बसल्या तशाच त्या डावी-उजवीकडे सरकूही शकतात. ते होऊ नये म्हणून एकाआड एक पट्टीच्या टोकांना एंड लॉक म्हणजे छोटी क्लिप लावतात. स्वस्तात केलेल्या कामात फॅब्रिकेटर या क्लिपा गाळतो किंवा मोजक्याच लावतो. दोन-तीन वर्षं हादरे बसले की एखादी पट्टी एका बाजूला चालू लागते. तिची कड गाईडच्या आतल्या भिंतीवर घासते.

ओळखायचं कसं? शटर खाली ठेवून आत अंधार करा आणि दोन्ही गाईडकडे नीट बघा. एखाद्या पट्टीच्या टोकाशी उजेडाची फट दिसली तर ती दुसऱ्या बाजूला सरकली आहे. गाईडच्या आत टॉर्च मारला तर चकचकीत ओरखड्याची उभी रेघ दिसेल. गाईडच्या तळाशी बारीक लोखंडी भुसा पडलेला असेल, पावसाळ्यात तो तांबूस होतो.

सरकलेली पट्टी गाईडमध्ये असताना ठोकता येत नाही, कड आत लपलेली असते. ती गुंडाळीवर न्यायची. शटर वर घ्या, सी-क्लॅम्प लावा, एमसीबी बंद करा, वरच्या पेटीचं झाकण काढा. गुंडाळीच्या कडेला बाहेर आलेली पट्टी लगेच दिसते. लाकडी ठोकळा मध्ये धरून रबरी हातोड्याने हळूहळू ठोकून ती बाकीच्यांच्या रांगेत आणा. शिडी भक्कम हवी आणि खाली एक माणूस हवा. उंचीवर काम करायची सवय नसेल तर फॅब्रिकेटरला बोलवा, पण काम काय आहे ते तुम्ही सांगा. नुसतं ठोकून सोडलं तर पट्टी पुन्हा चालू लागेल. क्लिपा मिळाल्या तर उत्तम. नाहीतर टोकाची घडी पंच मारून दाबून घ्यायची, म्हणजे शेजारची पट्टी अडते. एकाआड एक पट्टीला वेल्डिंगचा छोटा टाकाही चालतो. मात्र टाक्याच्या जागी जस्ताचा थर जळतो, तिथे झिंक प्रायमर लावलाच पाहिजे, नाहीतर कोकणात पहिल्याच पावसात त्या जागा फुलतील. आणि वेल्डिंग करताना मोटरच्या कंट्रोलची वायर काढून ठेवायला सांगा.

दुसरं कारण म्हणजे वाकलेलं गाईड. रिव्हर्स घेताना बंपरचा हलका धक्का बसतो, गाडीला काही होत नाही म्हणून सगळे विसरतात. गाईडचं तोंड दोन-तीन मिलिमीटर जरी आवळलं तरी पट्टी तिथे चावते. लाकडाची फळी आत घालून, पट्टी त्या भागात नसताना, ते तोंड हळूच मोकळं करता येतं. दोन्ही गाईडमधलं अंतर खाली, मध्ये आणि वर टेपने मोजा. तिन्ही माप सारखं यायला हवं. एका बाजूचा अँकर बोल्ट ढिला होऊन गाईड आत कललेलं असणं हेही नेहमीचं, विशेषतः पोकळ ब्लॉकच्या भिंतीत.

तिसरं कारण ग्रीस. हे अनेकांना पटत नाही. "आवाज येतोय? ग्रीस मारा." गाईडमध्ये ग्रीस लावलं की रस्त्याची धूळ त्यात बसते, आणि वर्षभरात ती घासायच्या पेस्टसारखी होते. जुनं ग्रीस रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्याने पूर्ण पुसून काढा, गाईड कोरडं करा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. स्प्रे नको असेल तर मेणबत्ती घासली तरी चालते. ग्रीस किंवा तेल लागतं ते मोटरच्या चेनला आणि शाफ्टच्या बेअरिंगला, तेही बेताने. ब्रेकजवळ थेंबही जाता कामा नये.

रंगाचंही असंच आहे. दिवाळीला घराला रंग देताना पेंटर शटरवर आणि गाईडच्या आतही हात मारून जातो. घड्यांमध्ये रंग वाळला की पट्ट्या गुंडाळताना वळत नाहीत, कडकड आवाज करतात. गाईडच्या आतून रंग खरवडून काढा.

आणि कुलूप. बाजूच्या कड्या लावलेल्या असताना रिमोट दाबणं हा घराघरातला प्रकार आहे. मोटर ओढते, बॉटम पट्टी मध्यभागी कमान होते, त्यानंतर दोन्ही टोकं गाईडमध्ये तिरकी बसतात आणि शटर कायमचं जड होतं. मोटर बसवल्यावर त्या कड्या काढून टाका, किंवा कडी लागली की वीज तुटेल असा लिमिट स्विच बसवून घ्या. खर्च फार नाही.

मोटर लहान पडते, हे किती खरं?

विकणारा म्हणेल, तुमची ३०० किलोची (म्हणजे तेवढं वजन उचलणारी) मोटर पुरत नाही, ५०० ची घ्या. साधा हिशोब करा. २० गेजचा पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा असतो. लोखंडाचं वजन घनमीटरला ७,८५० किलो, म्हणजे सपाट पत्रा चौरस मीटरला ७ किलोच्या आसपास. घड्यांमुळे पत्रा जास्त लागतो, म्हणून १० किलो धरा. १० बाय ८ फुटांचं शटर साधारण ७.४ चौरस मीटर. पडदा ७५ किलो, वर बॉटम पट्टीचं वजन. जाड १८ गेजचा पत्रा असला तरी शंभर-सव्वाशेच्या आत. ३०० किलोच्या मोटरला हे ओझं जड नाही. ती थकत असेल तर घासण्यामुळे किंवा विजेमुळे थकतेय. मोठी मोटर घासण्यावर मात करेल हे खरं, पण ती पट्ट्या फाडूनही वर नेईल.

वीज

हाताची परीक्षा पास झाली, शटर सगळीकडे सारखं हलकं चालतं, तरीही मोटर अडखळते. आता विजेकडे वळा.

मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर जोर २२ टक्क्यांनी कमी होत नाही, जवळपास ४० टक्क्यांनी पडतो. संध्याकाळी सगळीकडे पंप आणि एसी चालू असताना शटर अडकतं आणि सकाळी चालतं, याचं कारण बहुतेकदा इथे असतं. साधं मल्टीमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतं. मात्र मोजायचं ते मोटर चालू असताना, मोटरच्या टर्मिनलवर. बंद असताना २३० दाखवेल आणि तुम्ही फसाल. चालू वायरवर मोजायची सवय नसेल तर हे वायरमनकडून करून घ्या.

मीटरपाशी २२५ आणि मोटरपाशी चालू असताना १९० दिसले, तर दोष मधल्या वायरमध्ये किंवा जोडांमध्ये आहे. फाटकाजवळच्या दिव्यासाठी ओढलेल्या बारीक वायरवरच नंतर शटरची मोटर जोडून दिलेली असते. बोर्डापासून थेट २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून घेणं हा नव्या मोटरपुढे किरकोळ खर्च आहे. जळका, काळा पडलेला कनेक्टर दिसला तर तो आधी बदला.

इन्व्हर्टरवर शटर चालवत असाल तर तो साइन वेव्ह आहे का बघा. स्क्वेअर वेव्हवर ही मोटर घूं-घूं करत तापते. शिवाय सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, घरातल्या छोट्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही. लोडशेडिंगमध्ये हाताची साखळी वापरणंच स्वस्त.

कंडेन्सर. मोटर हुंकारते पण फिरत नाही, आणि साखळीने हलका धक्का दिला की चालू लागते, ही त्याची खूण. (धक्का देऊन बघू नका, हात अडकतो. खूण म्हणून सांगितली.) वरून फुगलेला किंवा तेल पाझरलेला कंडेन्सर तर नुसता बघूनही कळतो. काढण्यापूर्वी एमसीबी बंद करा आणि जुन्या तारेच्या बल्बच्या दोन वायरी त्याच्या टोकांना लावून त्यातली वीज उतरवा. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही. मल्टीमीटरला कपॅसिटन्सची रेंज असेल तर मोजा. अंगावर १६ एमएफडी (मायक्रोफॅरड, कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) लिहिलंय आणि मीटर ११ दाखवतं, तर बदला. नवा घेताना एमएफडीचा आकडा तोच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त. "थोडा मोठा टाकतो, जोर येईल" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, त्याने कॉइल तापते. दोन-तीनशे रुपयांत काम होतं. पण वर्षात दुसऱ्यांदा गेला तर कंडेन्सरला दोष देणं थांबवा आणि वरचा घासण्याचा भाग पुन्हा वाचा.

मोटर थोड्या वेळाने आपोआप चालू होते ती थर्मल स्विचमुळे. या मोटर सतत चालायला बनवलेल्याच नसतात. चार-पाच मिनिटं सलग चालवल्या की आतला थर्मल स्विच वीज तोडतो, आणि थंड व्हायला पंधरा-वीस मिनिटं किंवा जास्त लागतात. घरात सुट्टीला भाचरं आली की दुपारभर शटर खाली-वर होतं आणि संध्याकाळी मोटर बंद पडते, हा बिघाड नाही. पण दिवसातून चार वेळा उघडझाप होऊनही थर्मल तुटत असेल तर ती तक्रार आहे. थर्मल स्विच थेट जोडून टाकणारे मेकॅनिक भेटतात. त्या दिवशी शटर चालतं, नंतर कॉइल जळते. हे करू देऊ नका.

क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) असलेला वायरमन मिळाला तर त्याला एवढंच सांगा की शटर वर जाताना करंट बघत राहा. मोटरच्या प्लेटवर अँपिअर छापलेले असतात. सुरुवातीचा झटका सोडला तर आकडा त्याच्या आत राहायला हवा. एखाद्या उंचीवर आकडा उसळला तर तिथे घासतंय.

वर-खाली थांबण्याची जागा बदलली असेल

शटर जमिनीपासून वीतभर वर थांबतं, किंवा वर जाऊन बॉटम पट्टी पेटीला आदळते. हा लिमिटचा, म्हणजे शटरने कुठे थांबायचं ते ठरवणाऱ्या सोयीचा घोळ. मोटरच्या बाजूच्या छोट्या डब्यात आट्यांच्या दांड्यावर दोन नट फिरतात आणि मायक्रो स्विचला टेकतात. एक वरचा, एक खालचा. एमसीबी बंद करून लॉकची पट्टी उचलायची, नट थोडासा फिरवायचा, पट्टी परत बसवायची, मग चालवून बघायचं. कोणता नट कोणत्या दिशेचा हे आधी ओळखा, अंदाजाने दोन्ही फिरवू नका. वरची मर्यादा अशी ठेवा की बॉटम पट्टीची टोकं गाईडमध्येच राहतील. ती बाहेर गेली तर खाली येताना तिरकी बसतात.

लिमिट वारंवार सरकत असेल तर नटामागे लागू नका. चेन सैल होऊन चक्राच्या दातावरून उडी मारतेय का बघा. चक्राचा ग्रब स्क्रू किंवा चावी (चक्राला शाफ्टवर पक्कं धरणारा लोखंडी तुकडा) ढिली असेल तरी असंच होतं. मोटर फिरते आणि शटर जागचं हलत नाही, तेव्हाही आधी हीच चावी तपासा. चेनच्या जोडाची छोटी क्लिप निसटलेली असली तर ती दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, पण ती नसताना शटर चालवणं जिवावरचं आहे.

लिमिटच्या डब्याचं झाकण उघडलं की आत मेलेली पाल सापडणं यात नवल काही नाही. त्या वायरीच्या भोकातून शिरतात आणि स्विचमध्ये अडकतात. कुंभारीण माशीचं मातीचं घरही सापडतं. साफ करा आणि वायर आत येते ते भोक सिलिकॉन सीलंटने बुजवा.

रिमोट

भिंतीवरचं बटण चालतं आणि रिमोट चालत नाही, म्हणजे मोटर आणि शटर दोन्ही ठीक. रिमोटची बॅटरी बदला, बहुतेकांत १२ व्होल्टची २३ए किंवा २७ए असते, दिसायला सारखी पण जाडीला थोडी वेगळी, म्हणून जुनी घेऊन दुकानात जा. तरीही नाही चाललं तर रिसीव्हरवरचं लर्न बटण दाबून रिमोट पुन्हा शिकवा. पूर्ण रिसीव्हरच गेला असेल आणि पैसे नसतील तर भिंतीवरच्या बटणावर काढा दिवस.

पावसात एमसीबी किंवा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका) पडत असेल

बाहेरच्या बटणाच्या डब्यात पाणी जातं, हे जवळजवळ ठरलेलं. पाईप वरून डब्यात उतरत असेल तर पाणी पाईपातूनच आत येतं, झाकण कितीही घट्ट बसवा. वायर खालच्या बाजूने डब्यात यायला हवी, आणि त्याआधी तिला खाली झोकलेला वळसा हवा, म्हणजे थेंब तिथूनच गळतात. ओलं बटण शटर आपोआपही चालू करू शकतं. आरसीसीबी पडतोय म्हणून तो बायपास करणारा वायरमन असेल तर त्याला चहा देऊन परत पाठवा. मोटरच्या बॉडीला आणि गाईडला अर्थिंग आहे का, हे याच वेळी बघून घ्या.

अमेरिका-कॅनडातल्यांसाठी थोडं

तिथल्या घरांचा गॅरेज दरवाजा वेगळ्या जातीचा. आडव्या फळ्या रुळावरून छताखाली जातात आणि वजन स्प्रिंग उचलते, मोटर फक्त ढकलते. तिथे परीक्षा अशी की दरवाजा बंद असताना लाल दोरी ओढून मोटरपासून सोडवायचा आणि हाताने अर्ध्यात नेऊन ठेवायचा. तो तिथेच तरंगला तर स्प्रिंग ठीक. खाली कोसळायला लागला किंवा जागचा हललाच नाही तर स्प्रिंग थकली किंवा तुटली, आणि दरवाजावरच्या आडव्या दांड्यावरची ती स्प्रिंग स्वतः खोलायची नाही. तिच्यात अख्ख्या दरवाजाचा ताण भरलेला असतो. बंद होता होता दरवाजा परत वर जातो, हा मात्र बहुतेक वेळा फुकटात सुटणारा प्रश्न. १९९३ पासून अमेरिकेत विक्रीसाठी बनणाऱ्या घरगुती मोटरना माणूस खाली अडकू नये यासाठीची सोय सक्तीची आहे, आणि ती बहुतेकदा जमिनीलगतचे दोन डोळे (सेन्सर) असते. त्यावरची जाळी-धूळ पुसा आणि दोन्ही एकमेकांसमोर सरळ करा.

पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

सगळं बघून झालं आणि मोटरची कॉइल खरंच जळलेली निघाली, तरी नवी मोटर हाच एक मार्ग नाही. पंपाच्या मोटरचं रिवाइंडिंग (कॉइलची तार नव्याने गुंडाळणं) करणारी दुकानं तालुक्याच्या गावातही असतात. शटरची मोटर त्यांना नवी नाही, फक्त ब्रेक आणि थर्मल स्विच परत जसाच्या तसा बसवायला सांगा आणि तार तांब्याचीच हवी हे आधी ठरवा. गिअरचे दात गेले असतील तर मात्र रिवाइंडिंगवर खर्च करू नका. जुनी मोटर घ्यायची झाली तर शटर अर्ध्यावर थांबवून ब्रेक धरतो का ते चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणखी एक पर्याय लोक विचारातच घेत नाहीत, तो म्हणजे काही महिने हाताच्या साखळीवर राहणं. दिवसातून दोनदा गाडी काढणाऱ्या घराला ते अजिबात जड नाही. कायमचं हाताचं करायचं असेल तर तेही होतं. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत चेन-क्रँकची (हाताने शटर चालवायच्या यंत्रणेची) जादा बाब १० चौरस मीटरपेक्षा मोठ्या शटरपासून सुरू होते. आपलं १० बाय ८ चं शटर त्याच्या बरंच आत आहे, स्प्रिंग घालून ते साधं ओढा-ढकला पद्धतीचं करता येतं. स्प्रिंग भरायचं काम तेवढं फॅब्रिकेटरचं.

ब्रेक, चेन, मोटरच्या ब्रॅकेटचे अँकर बोल्ट आणि अर्थिंग या चार ठिकाणी हात आखडता घेऊ नका, बाकी रंग, नवं झाकण, दुसरा रिमोट सगळं पुढे ढकला. मेकॅनिकला बोलावण्याआधी खडूच्या रेघा, हाताने ओढताना जड लागलेली जागा आणि चालू मोटरचं व्होल्टेज एवढं कागदावर लिहून ठेवा. फोनवरच सांगा की पट्ट्या सरकल्यात, क्लिपा आणि वेल्डिंगचं सामान घेऊन या, म्हणजे दुसऱ्या फेरीचे पैसे वाचतील. बदललेला प्रत्येक भाग काम झाल्यावर परत मागून घ्या आणि त्यावर तारीख लिहून डब्यात टाका. पुढच्या वेळी तोच भाग "गेला" असं कुणी म्हणालं तर किती महिन्यांत गेला ते त्याच्यासमोर ठेवता येतं.